राजवाड्यांचे खंड छापलेले असताना मूळ कागद बघायला धुळ्याला जावं का?

तुम्ही विचारलंय की इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड छापलेले आहेत, मग मूळ कागदांसाठी धुळं गाठायची गरज आहे का. माझ्या मते आहे, पण कुठले कागद पाहिजेत ते आधी ठरवा. त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केलेले कागद वेगळे आणि त्यांनी स्वतः लिहिलेले वेगळे. गोळा केलेले सगळे एका जागी मिळतील असं धरून चालू नका. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांच्याच पुढाकाराने निघालं, पण शेवटी ते धुळ्यात राहिले, 31 डिसेंबर 1926 ला तिथेच गेले, आणि लगेच 1927 मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. त्यांचा धातुकोश याच मंडळाने काढला, कृ. पां. कुलकर्णींच्या संपादनाखाली. त्यामुळे राजवाड्यांच्या स्वतःच्या लिखाणाचा शोध धुळ्यातनंच सुरू करा.

आता जुन्या पत्रांचं. खंडात मोडीचं बालबोध, म्हणजे देवनागरी, होऊन येतं, मजकूर सगळा मिळतो, पण अक्षर मिळत नाही ना. कितीतरी पत्रांत मजकूर कारकुनाचा असतो आणि शेवटच्या एकदोन ओळी खुद्द धन्याच्या हातच्या, छापल्यावर दोन्ही सारखंच दिसतं. लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावर मागच्या बाजूने शिक्के मारलेले असतात, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून, तेही छापील पानावर कुठून येणार! बनावट कागद ओळखायचा तर हेच बघावं लागतं, म्हणून मी मूळ कागदासाठी एवढा आग्रह धरतोय.

जायच्या आधी मोडी शिका, निदान तारखा तरी वाचता आल्या पाहिजेत. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि साल अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161, हा सुहूर सन जूनच्या आसपास बदलतो म्हणून त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, आलं 1760-61, म्हणजे पानिपतचंच साल.

आणि नुसतं 'राजवाड्यांचे कागद दाखवा' म्हणत जाऊ नका. खंड क्रमांक आणि लेखांक लिहून आधी पत्र टाका, फोटो काढू देतात का तेही त्यातच विचारा.