सोसायटीत एईडी घ्यावा का, आणि डॉक्टर नसताना कोणी वापरला तर?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या मनीषनगरातल्या तुमच्या सोसायटीत ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, तर एईडी, म्हणजे छातीवर पॅड लावून हृदयाला शॉक देणारं मशीन, घ्यावं का, आणि वॉचमननं भलत्याच माणसाला शॉक दिला तर काय.

आधी भीतीचं बघू. एईडी स्वतः हृदयाचा ताल तपासतो आणि शॉकची गरज दिसली तरच चार्ज होतो. नुसत्या चक्कर आलेल्या माणसाला पॅड लावून बटण कितीही दाबलं तरी शॉक बसत नाही.

शॉक लागतो तो हृदय नुसतं थरथरत असतं तेव्हा. त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात: स्नायूचा प्रत्येक भाग आपल्याच तालात फडफडतो, रक्त पुढे जात नाही. शॉक ही सगळी गडबड एका झटक्यात थांबवतो, मग हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर, म्हणजे ठोक्यांचा ताल ठरवणारा हृदयातलाच भाग, पुन्हा ताबा घेऊ शकतो. मालिकांमध्ये मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देतात, ते साफ चूक. सरळ रेघेला शॉकचा उपयोग नाही, तिथे छाती दाबणं आणि औषधं.

वेळ फार कमी असतो. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आणि ही मिनिटं बहुतेक वेळा ओळखण्यातच जातात. माणूस कोसळल्यावर काही क्षण हातपाय झटकतो, लोकांना मिरगी वाटते, कोणी कांदा हुंगवतो, कोणी तोंडात पाणी घालतो. मधूनमधून घरघर करत श्वास ओढतो, म्हणून ‘श्वास चालू आहे’ असंही म्हणतात. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर कार्डियाक अरेस्टच, म्हणजे हृदयाचं काम बंद पडलंय, असं समजा.

एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं मशीन आणायला पळायचं, तिसऱ्यानं छाती दाबायला घ्यायची. पलंगावर असेल तर खाली जमिनीवर घ्या, गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या.

मशीन आलं की आधी ऑन करा, पुढचं ते बोलून सांगतं. कपडे बाजूला करा, लागलं तर कापा. मे महिन्यात छाती घामानं निथळत असते, त्यावर पॅड चिकटतच नाही. तेल किंवा बाम चोळलेला असेल तरी तेच. टॉवेलनं खसखसून पुसा. मंगळसूत्र तोडायची गरज नाही, पॅडखाली येणार नाही इतकं सरकवा. एक पॅड उजव्या हासळीखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. कातडीखाली बसवलेल्या पेसमेकर यंत्राचा उंचवटा दिसला तर त्यावर लावू नका, थोडा बाजूला घ्या. ताल तपासताना आणि शॉकच्या वेळी कोणीही हात लावायचा नाही.

शॉक बसला की सगळे थांबून तोंडाकडे बघत बसतात. तिथेच नुकसान होतं. लगेच पुन्हा दाबायला लागा. दोन मिनिटांनी मशीन परत तपासेल, तेव्हा दाबणारा माणूस बदला. पॅड काढू नका, मशीन बंद करू नका, अगदी ॲम्ब्युलन्स आली तरी.

तेव्हा घ्या, पण ठेवणार कुठे ते आधी ठरवा. बहुतेक मशीनना साठवणुकीची वरची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याची वॉचमन केबिन तेवढी सहज तापते आणि पॅडचं जेल वाळून जातं. तळमजल्यावर लिफ्टजवळची सावलीची भिंत बरी. सेक्रेटरीच्या कपाटात कुलपाखाली मात्र नको, रात्री दोन वाजता किल्ली शोधायला वेळ नसतो. सोबत कात्री, रेझर, टॉवेल आणि पॅडचा एक जादा जोड ठेवा. पॅडवर एक्सपायरी छापलेली असते. मशीन तयार आहे की नाही ते दाखवणारा स्टेटस लाइट आणि ती तारीख दर महिन्याला बघायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या, ‘कमिटी बघेल’ म्हटलं की कोणीच बघत नाही.