वाटणी कर, बांध घालू नकोस

लेकरा,

तुझ्या वजनकाट्याच्या सर्किट बोर्डाचा फोटो पाहिला. अ‍ॅनालॉग ग्राउंड (करंट परत यायचं तांबं) एकीकडे, डिजिटल दुसरीकडे, मधे तांब्यात कापलेली चर, आणि चर ओलांडायला एक फेराइट बीड, म्हणजे वेगवान गोंगाट अडवणारा छोटा पार्ट. विचारतेस काय, तर बीड किती ओहमचा घेऊ! तू बीडची म्हणून बीडवर एवढा जीव का? काढून टाक तो. चरच बुजव.

तुझी क्लॉकची ट्रेस, म्हणजे वेगानं चालू-बंद होणाऱ्या सिग्नलची तांब्याची रेघ, त्या चरीवरून उडी मारून जाते. गेलेला करंट परत येतोच, आणि मेगाहर्ट्‌झमध्ये तो ट्रेसच्या बरोबर खालून येतो. खाली तांबं नसलं की लांबचा वळसा घेतो, नेमका तुझ्या एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपच्या, अंगणातून. वजन जोखणारा लोडसेल 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा. 5 व्होल्ट दिल्यावर भरल्या काट्याला हाती 10 मिलिव्होल्ट. त्यात हा गोंधळ.

मीही हेच केलंय. वाळूजला असताना. चिपच्या डेटाशीटवर दोन ग्राउंडची दोन नावं दिसली, मी दोन ग्राउंड केले. तेव्हा सगळेच करायचे. आमचा जुना टेक्निशियन म्हणाला होता, "साहेब, मधून एक जाड वायर मारा की." मी ऐकलं नाही. मग लातूरच्या मोंढ्यात, ऐन सोयाबीनच्या हंगामात, डिस्प्ले बदलला की वजन 50 ग्रॅम हलायचं. शेतकरी काट्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता. तिथंच पोत्यावर बसून ब्लेडनं तांब्यावरचा हिरवा मास्क खरवडला, एडीसीच्या पोटाखाली चरीवर तांब्याची वेणी सोल्डर केली. आकडा थांबला.

म्हणून सांगतो, वाटणी पार्ट्सची कर, तांब्याची नाही. रिले, व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर, सप्लायचा कनेक्टर एका कोपऱ्यात. लोडसेल आणि एडीसी दुसऱ्या. एडीसीच्या दोन्ही ग्राउंड पिना चिपखालीच एका तांब्यात. रान वाटून घ्या, बांध घालू नका. आणि तांबं अखंड आहे म्हणून पार्ट्स कुठंही टाकू नकोस: 35 मायक्रॉन तांब्याचा एक चौरस, लहान असो वा मोठा, म्हणजे अर्धा मिलिओहम. अरुंद गळ्यातल्या दहा चौरसांतून 1 अँपिअर गेला की 5 मिलिव्होल्ट पडले. इनपुट डिफरन्शियल आहे, दोन तारांतला फरकच मोजतो, म्हणून थोडी वाचशील, पूर्ण नाही.

230 व्होल्टची बाजू तेवढी वेगळी ठेव, ती जिवाची गोष्ट आहे. बाकी ग्राउंड एकच. एकच!

गर्बर, म्हणजे बोर्ड बनवायच्या फाइली, पाठवण्याआधी खालच्या लेयरचा फोटो टाक. वरचा नको. चर दिसली तर फोन उचलणार नाही.