जर्नीमन: प्रवासी, रोजंदार की सालगडी?

प्रश्न असा आलाय: "बेसबॉलवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय. त्यात एडविन जॅक्सन या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) 'जर्नीमन' म्हटलंय. मी 'प्रवासी खेळाडू' असं लिहिलं, तर संपादकांनी समासात शेरा मारला, 'हा कुठे निघालाय?' मग या शब्दाला मराठीत म्हणायचं तरी काय?"

संपादकांचा शेरा खवचट आहे, पण रास्त आहे. 'प्रवासी' म्हटलं की आपल्याला खिडकीची जागा आणि 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' आठवतं. शिवाय प्रवासी आपलं तिकीट आपण काढतो. जर्नीमनचं तिकीट बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी काढलेलं असतं, आणि ते परतीचं नसतं.

मुळात या शब्दात प्रवास नाहीच. फ्रेंचमध्ये 'झूर' म्हणजे दिवस आणि 'झुर्ने' म्हणजे अख्खा दिवस, किंवा दिवसभराचं काम. त्यावरून पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'जर्नीमन' आला तो दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर म्हणून. युरोपातल्या कारागिरांच्या श्रेणींत, म्हणजे एकेका धंद्याच्या संघटनांत, तीन पायऱ्या असत. पहिली शिकाऊ पोराची, तिला आपल्याकडे 'उमेदवारी' हा अस्सल शब्द आहे. वरची उस्तादाची, म्हणजे मेस्त्रीची (हा 'मेस्त्री'ही पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला). मधल्या पायरीवर जर्नीमन: काम पक्कं शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दुसऱ्याच्या दुकानात रोजावर राबणारा.

आता गंमत बघा. फ्रेंच 'झूर'वरून इंग्रजीत जे गोकुळ झालं, तसंच आपल्याकडे फारसी 'रोज'वरून झालंय. तिकडे जर्नल, इकडे रोजनिशी. हिशेबाच्या वहीतलं जर्नल म्हणजे कॉमर्सच्या मराठी पुस्तकातली रोजकीर्द. तिकडे जर्नीमन, इकडे रोजंदार. आणि खुद्द 'जर्नी'? तिचा जुना अर्थ एका दिवसात तोडायचं अंतर, म्हणजे आपली 'मजल'. 'मजल दरमजल करीत' सैन्य पुढे जायचं ते असंच, दिवसाला एक टप्पा. म्हणजे जर्नी आणि जर्नीमन ही सख्खी भावंडं आहेत, पण त्यांच्यात बापलेकाचं नातं नाही. दोघांचा बाप दिवस.

मग सरळ 'रोजंदार पिचर' लिहून मोकळं व्हावं? नाही, कारण शब्द मधल्या काळात दोनदा सरकलाय. आधी त्याला 'उस्ताद नव्हे' ही छटा चिकटली: काम चोख, पण चमक नाही. मग श्रेणी गेल्या, दिवसाची मजुरी विसरली गेली, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनाही या शब्दात नुसता प्रवासच ऐकू यायला लागला. दर दोन वर्षांनी नव्या शहरात दिसणारा खेळाडू समोर आला तेव्हा त्यांना वाटलं, हा शब्द याच्यासाठीच घडवलाय. ही शुद्ध लोकव्युत्पत्ती. तरी ती अगदीच निराधार नाही. जर्मनीत सुतार-गवंडी जर्नीमन व्हायचा तो खरोखर घर सोडून फिरायचा, आणि आजही काहीजण काळे कॉर्डुरॉयचे कपडे घालून तीन वर्षं आणि एक दिवस तसे फिरतात, घराच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल न टाकता. त्यामुळे तुमचा 'प्रवासी' व्युत्पत्तीला धरून चुकला असला तरी बेसबॉलच्या वापराला धरून अर्धा बरोबर होता. चूक शब्द निवडण्यात झाली, अर्थ कळण्यात नाही.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो जॅक्सन. बाप अमेरिकन लष्करात, म्हणून हा जन्मला जर्मनीत नॉय-उल्मला, १९८३ साली. विसाव्या वाढदिवशी, ९ सप्टेंबर २००३ला, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिला सामना खेळला. समोर रँडी जॉन्सनसारखा दादा पिचर, आणि सामना याने जिंकला. इतकी झोकात सुरुवात झालेला मुलगा पुढे चौदा संघांकडून खेळला. मेजर लीगमधली, म्हणजे तिकडच्या सर्वात वरच्या पातळीवरची, कारकीर्द संपली तेव्हा नावावर १०७ विजय आणि १३३ पराभव होते. 'उस्ताद नव्हे' ही छटा या आकड्यांत आपोआप येते.

पण २५ जून २०१०ची संध्याकाळ बघा. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गचं छत असलेलं मैदान. जॅक्सन तेव्हा ॲरिझोना डायमंडबॅक्सकडे, समोर टँपा बे रेज, त्याचाच जुना संघ. पहिल्या तीन डावांतच त्याने सात जणांना वॉक दिला, म्हणजे चेंडू इतके बाहेर टाकले की बॅटरला काही न करता पहिला बेस आंदण मिळाला. तिसऱ्या डावात एकही बाद नाही आणि तिन्ही बेस भरलेले. अशा वेळी भल्याभल्यांना बाहेर बोलावतात. याला ठेवलं. तिथून तो सावरला, आणि नववा डाव संपला तेव्हा १४९ चेंडू टाकून, एकूण आठ वॉक देऊन, त्याने रेजला एकही हिट मिळू दिली नव्हती, म्हणजे चेंडू टोलवून कुणालाही बेस गाठू दिला नव्हता. सामना १-०. हल्ली पिचरचे शंभरेक चेंडू झाले की प्रशिक्षक अस्वस्थ होतात, म्हणजे १४९ काय असतील याची कल्पना करा. अशा सामन्याला 'नो-हिटर' म्हणतात आणि मोठमोठ्या पिचरना तो जन्मात एकदाही जमत नाही. पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याची शिकागो व्हाइट सॉक्सकडे रवानगी केली.

पुढच्याच वर्षी, २०११च्या जुलैमध्ये, व्हाइट सॉक्सने त्याला टोरंटो ब्लू जेजला दिलं आणि टोरंटोने त्याच दिवशी सेंट लुईस कार्डिनल्सला. त्या खेपेला टोरंटोची टोपीसुद्धा डोक्यावर चढली नाही. सेंट लुईसने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली, म्हणजे सौद्यात नशीबही मिळालं. टोरंटोकडून तो खेळला थेट २०१९मध्ये, आणि तोच त्याचा चौदावा संघ ठरला. २०११च्या त्याच सौद्यात टोरंटोहून सेंट लुईसला गेलेला दुसरा पिचर होता ऑक्टाविओ डोटेल. चौदाचा विक्रम होण्याआधी तेरा संघांचा विक्रम त्याचा होता. एका सौद्यात असे दोघे!

'झूर' म्हणजे दिवस हे डोक्यात ठेवून आणखी एक किस्सा ऐका. ४ ऑगस्ट १९८२. जोएल यंगब्लड न्यू यॉर्क मेट्सकडून शिकागोच्या रिग्ली फील्डवर दुपारचा सामना खेळत होता. फर्ग्युसन जेंकिन्सला त्याने हिट मारली, थोड्या वेळाने त्याला बाहेर घेतलं आणि सांगितलं, तुला मॉन्ट्रियल एक्स्पोजला दिलंय, आज रात्री त्यांचा सामना फिलाडेल्फियात आहे. गडी निघाला, आणि वाटेत आठवलं की ग्लोव्ह मैदानावरच राहिलाय. टॅक्सी परत फिरवली, ग्लोव्ह घेतला, विमान गाठलं, रात्री एक्स्पोजच्या कपड्यांत मैदानात उतरला आणि स्टीव्ह कार्लटनला हिट मारली. एका दिवसात दोन शहरं, दोन संघ, दोन हिट, आणि त्याही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्या दोन पिचरना. मला यात सगळ्यात आवडतो तो ग्लोव्ह. धनी बदलला तरी हत्यार स्वतःचंच लागतं, हे कुठल्याही सुताराला विचारा.

आता मराठी शब्द. 'बारा गावचं पाणी प्यालेला' पहिल्यांदा सुचतो आणि जॅक्सनच्या बाबतीत 'चौदा गावचं' म्हणायचा मोहही होतो, पण त्या वाक्प्रचारात बेरकीपणा आहे, तो जर्नीमनमध्ये असेलच असं नाही. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' वाक्यात छान बसेल, नाम म्हणून नाही. 'पोटार्थी' ही शिवी झाली. 'हरकाम्या' चांगला, पण तो कुठल्याही जागी खेळू शकणाऱ्या 'युटिलिटी प्लेअर'साठी राखून ठेवा.

'बदली'वर माझा जीव होता. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली कामगार' असायचे. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकाशी यायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. दिवसाचा तो मूळ अर्थ, डोक्यावरची टांगती तलवार, सगळं त्यात आहे. सरकारी नोकराच्या बदलीतलं गाव सोडणंही आहे. पण 'बदली खेळाडू' हा शब्द आपल्याकडे आधीच राखीव खेळाडूसाठी घट्ट बसलाय. वाचकाचा घोटाळा होणार, म्हणून सोडला.

मग थांबलो ते 'गडी'पाशी. कबड्डीत 'गडी बाद' म्हणतो तो खेळाडू आणि 'दोन गडी लावून भुईमूग काढला' म्हणतो तो मजूर, दोन्ही एकाच शब्दात. 'प्लेअर' शब्दाला हे जमत नाही. आणि 'गडी'वरून पुढचं पाऊल आपोआप पडतं: सालगडी. ग्रामीण महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शेतावर वर्षाच्या बोलीने ठेवलेला माणूस म्हणजे सालगडी. खानदेशात त्यालाच सालदार म्हणतात. साल पाडव्याला ठरतं, पाडव्याला संपतं, आणि मग तो त्याच वाड्यावर राहील किंवा दुसऱ्या पाटलाकडे सालाने जाईल. बेसबॉलचा उतारवयातला खेळाडू बहुधा एकेका वर्षाच्या करारावर असतो, आणि हंगाम सुरू होतो मार्चअखेरीस, पाडव्याच्याच आगेमागे. त्यावर कडी म्हणजे अमेरिकेत मेजर लीगच्या हाताखालच्या संघांना म्हणतातच 'फार्म टीम'. ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने सेंट लुईससाठी १९२०च्या दशकात ही व्यवस्था उभी केली. शेत त्यांचंही आहे, फक्त त्यात खेळाडू पिकतात.

मात्र हा शब्द जपून वापरा. सालगड्याच्या डोक्यावर उचल असते आणि ती फिटता फिटत नाही. जॅक्सनला वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१२च्या एका सालाचे १ कोटी १० लाख डॉलर दिले होते. गंभीर लेखात दोघांना एका ओळीत बसवलं तर खऱ्या सालगड्याची थट्टा होईल. दुसरं, जर्नीमन साल पुरं करेलच असं नाही. डोटेल २०१० या एकाच हंगामात तीन संघांकडून खेळला. शिकागो कब्जने जॅक्सनशी चार वर्षांचा करार केला आणि तिसऱ्या वर्षीच त्याची उचलबांगडी केली. (हा 'उचलबांगडी' मात्र बिनधास्त वापरा. खेळाडूला मुख्य यादीतून काढायचं आणि काही दिवसांत त्याला विकायचं, खाली धाडायचं की सोडून द्यायचं ते ठरवायचं, या प्रकाराला तिकडे 'डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट' असं लांबलचक नाव आहे.)

तिसरी गोष्ट काळाची. लेखात १९७५च्या आधीचा खेळाडू आला तर सालगडी अजिबात चालणार नाही. तेव्हाच्या 'रिझर्व्ह क्लॉज'मुळे करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात राहायचा. मालक त्याला विकू शकत, तो स्वतः उठून जाऊ शकत नसे. कर्ट फ्लडने १९६९च्या सौद्यानुसार फिलाडेल्फियाला जायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७२मध्ये हरला. हे बंधन तुटलं डिसेंबर १९७५च्या लवादाच्या निकालाने. सालगड्याला निदान पाडव्याला धनी बदलता येतो. त्या खेळाडूंना तेही नव्हतं.

तेव्हा तुमच्या लेखासाठी मी 'फिरस्ता गडी' सुचवतो. 'फिरस्ता'त भटकणं येतं, 'गडी'त खेळही येतो आणि राबणंही, आणि कुणाला हिणवल्यासारखं वाटत नाही. 'चौदा संघांकडून खेळलेला फिरस्ता गडी एडविन जॅक्सन' असं एकदा लिहा, पुढे नुसतं 'जॅक्सन'. क्रिकेटवालेही हा शब्द उचलतील तर बरं. पुणे वॉरियर्स आणि मुंबई इंडियन्स धरून आयपीएलच्या नऊ संघांकडून खेळलेल्या ॲरन फिंचला आपल्या क्रीडापानांनी आजवर काहीच नाव दिलेलं नाही. आणि मूळ लेख जुना असेल तर 'सर्वाधिक संघांचा विक्रम एकट्या जॅक्सनचा' हे वाक्य दुरुस्त करा. जुलै २०२५मध्ये रिच हिल पंचेचाळिसाव्या वर्षी कॅन्सस सिटी रॉयल्सकडून उतरला आणि त्याचेही चौदा झाले. तो सामना होता रिग्ली फील्डवर, कब्जविरुद्ध, म्हणजे २००५मध्ये ज्यांच्याकडून त्याने सुरुवात केली त्यांच्याच अंगणात.