व्हीपीएन, टॉर आणि व्हर्च्युअल मशीन असं एकावर एक लावलं तर मी पूर्ण निनावी राहीन का?

ऑफिसातला गैरव्यवहार नाव न देता बाहेर आणायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी एक ठरवा: लपायचं कोणापासून? साहेबापासून, इंटरनेट कंपनीपासून की पोलिसांपासून? कारण एकेक थर एकेकाचीच नजर चुकवतो.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. ते लावलं की तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते इंटरनेट कंपनीला दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसतं. म्हणजे भरवसा एकावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला, इतकंच. २०२२ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी (इंटरनेटवरचा क्रमांकी पत्ता) ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन आणि नॉर्डव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले. टॉर या निनावी वावरासाठीच्या जाळ्याची गोष्ट वेगळी. तिथे वाट तीन संगणकांतून जाते. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, पण मुक्काम कळत नाही. शेवटच्याला मुक्काम कळतो, तुम्ही नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक. त्याऐवजी मी टेल्स हे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर सुचवेन. ते पेनड्राइव्हवरून चालतं, सगळं टॉरमधूनच पाठवतं आणि बंद केलं की लॅपटॉपवर मागे काही ठेवत नाही. तीन थर स्वतः जुळवण्यात एखादी सेटिंग हमखास चुकते.

आता मर्यादा. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून बॉम्बची खोटी धमकी मेल केली. टॉर वापरलं, तात्पुरता मेल पत्ता वापरला. टॉर फुटलं नाही. पण तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता आणि त्या वेळी तिथून टॉरला कोण जोडलं गेलं होतं, हे नोंदीत दिसत होतं. एफबीआयने विचारल्यावर त्याने कबुली दिली. त्याचं कृत्य वाईटच होतं, पण नेमका हाच सापळा तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसालाही पकडतो.

मी स्वतः एका जुन्या नोकरीत निनावी तक्रार पाठवली होती. तांत्रिक बाजू चोख होती. पण तक्रारीत मी एका बैठकीतलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि त्या बैठकीला आम्ही चौघंच होतो. दोन दिवसांत मला बोलावणं आलं. आयपी शोधायची कुणाला गरजच पडली नाही. ते दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप, वायफाय, प्रिंटर यांना हात लावू नका. वर्डची फाइल किंवा फोनवरचा फोटो तसाच जोडू नका. फाइलमध्ये लेखकाचं नाव आणि फोटोत जागा नोंदलेली असू शकते. घटना घडल्याबरोबर लिहू नका, काही आठवडे जाऊ द्या. तुमच्या नेहमीच्या लकबी, आवडते शब्द काढून टाका.

टॉरच्या दोन्ही टोकांवर पाळत ठेवू शकणारा कुणी वेळा जुळवून तुम्हाला शोधू शकतो, आणि त्यावर घरबसल्या उपाय नाही. तुमच्या साहेबाकडे ती ताकद नसणार. त्याच्याकडे हजेरीपट आहे. म्हणून पाठवण्याआधी मजकुरातल्या प्रत्येक वाक्यासमोर आकडा लिहा, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असू शकते याचा. आकडा दहाच्या आत आला तर ते वाक्य खोडा.