जुनं बायोस आणि लिनक्स : वाचकांचे प्रश्न

आमच्या जिल्हा परिषद शाळेत देणगीतले कोअर टू ड्युओ संगणक लिनक्सवर चालतात. लिनक्स आता जुनं बायोस सोडणार असं ऐकलं. मशीन भंगारात द्यायच्या का? (शिक्षक, पांढरकवडा तालुका)

मुळीच नाही. बायोस म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. ही चर्चा पेटली फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकारामुळे. फेडोरा 37 पासून जुन्या बायोसवर नव्यानं इन्स्टॉल करण्याची सोय काढावी, असा प्रस्ताव एप्रिल 2022 मध्ये आला. चालू मशीन तशाच चालू राहणार होत्या. तरीही विरोध मोठा झाला आणि तांत्रिक समितीनं प्रस्ताव मान्य केला नाही. डेबियन 13 हा लिनक्सचा दुसरा प्रकारसुद्धा बायोसवर बसतो. त्यांनी इन्स्टॉलर बंद केला तो 32 बिट मशीनसाठी. तुमच्या 64 बिटच्या आहेत. एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप टाका आणि पोरांना शिकवत राहा.

चालतंय ते काहून बंद करून राहिले? (विद्यार्थी, चिखली)

कारण काम दुप्पट पडतं. बायोस 1981 च्या आयबीएम पीसीपासूनचं. ते डिस्कचे पहिले 512 बाइट वाचतं आणि पुढचा कारभार त्यांच्यावर सोडतं. बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय मात्र डिस्कवरच्या एका छोट्या फॅट पार्टिशनमधली फाइल उघडून सिस्टिम सुरू करतं. म्हणजे बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), इन्स्टॉलर, चाचण्या सगळं दोनदा सांभाळायचं. त्यात 2020 पर्यंत नव्या मशीनमधून बायोसची सोय काढू, असं इंटेलनं 2017 मध्येच सांगितलं होतं. डेव्हलपरच्या टेबलावर जुनी मशीनच उरत नाही. सोय जाते ती बहुतेक वेळा तपासणारे हात कमी पडतात म्हणून, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते.

लाइट गेली की दुसऱ्या दिवशी संगणक 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणतो. लिनक्सनं सपोर्ट काढला का? (सेवा केंद्र चालक, वरूड)

नाही हो, आधी मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. सीआर 2032 म्हणून मागा, घड्याळजीकडेही मिळतो. सेल मेला की लाइट जाताच बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात. तारीख मागे गेलेली दिसली तर खात्रीच समजा. तुमचं लिनक्स 'लेगसी' म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये बसवलेलं असेल आणि सेटिंग मूळ जागी, म्हणजे 'यूईएफआय'वर गेली, तर मशीनला डिस्कवर ओळखीचं काहीच सापडत नाही. सुरू होताना एफ 2 किंवा डिलीट दाबा, बूट मोड पुन्हा लेगसी करा. डेटा जागेवरच असतो. इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह लावून 'फॉरमॅट'ला हो म्हणू नका. ग्राहकांची कागदपत्रं अशीच जातात.

यात एक चांगली गोष्टही आहे. मूळ सेटिंग यूईएफआय असेल तर तुमची मशीन नवी पद्धत जाणते, तालुक्याच्या दुकानात कुणी तरी लेगसीवर बसवून दिली एवढंच. सवडीनं बॅकअप घ्या, मोड यूईएफआय करा आणि लिनक्स नव्यानं बसवा. डिस्क न पुसता रूपांतर करता येतं, पण मध्येच लाइट गेली तर सगळं हातचं जाईल. इन्व्हर्टर असला तरी मी ती वाट सुचवणार नाही.

आमच्यासारख्यांनी यात काय करायचं? (ग्रामपंचायत ऑपरेटर, आर्णी तालुका)

लिनक्सची नवी आवृत्ती यायच्या आधी तिची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, निघते. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि रिकाम्या जुन्या मशीनवर सुरू करून बघा. अडली तर मशीनचं मॉडेल, बूट मोड आणि पडद्याचा फोटो जोडून बग नोंदवा. इंग्रजी मोडकंतोडकं चालतं. मॉडेल नंबर मात्र बरोबर हवा.