फोंड्यातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयाने देणगीदारांचे आभार कसे मानावेत? नावांचा फलक लावावा का?
लावा, पण आधी विचारा. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारे आपल्याकडे आहेत, तसे ‘नाव नको, पावती तेवढी द्या’ म्हणणारेही. देणगीच्या अर्जातच तसा रकाना ठेवा. दगडावर कोरण्याआधी कामत की कामथ, नाईक की नायक, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्या. चुकलेलं नाव रोज डोळ्यांत खुपतं.

देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी 80जी मान्यता असेल तर 2,000 रुपयांवरची रक्कम चेकने किंवा यूपीआयने घ्या, रोखीवर सवलत मिळत नाही.

खरे आभार मात्र फोनवरच. चवथीच्या आधी विश्वस्ताने स्वतः सांगावं, ‘तुमच्या पैशांतून डायलिसिसचं यंत्र आलं, आज त्यावर दोन रुग्णांचं डायलिसिस झालं.’ त्याच फोनवर पुढची देणगी तेवढी मागू नका!