बडोद्यातला ब्रिटिशकालीन भाग एका दिवसात कसा पाहावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येताय, आई-वडील बरोबर आहेत, हातात एकच दिवस आहे आणि 'ब्रिटिशकालीन बडोदा' बघायचंय, तर सुरुवात कुठून करावी. सुरुवात त्या शब्दापासूनच करा. बडोदं इंग्रजांचं नव्हतं, गायकवाडांचं संस्थान होतं. इंग्रजांचा होता तो रेसिडेंट, म्हणजे दरबारावर नजर ठेवणारा त्यांचा प्रतिनिधी, आणि त्याची छावणी, तीही गावाबाहेर फतेगंजकडे. खरोखर इंग्रजांचंच काही बघायचं असेल तर तिथलं जुनं चर्च बघा, अर्ध्या तासात होईल. बाकी ज्या इमारतींसाठी लोक बडोद्याला येतात, त्या बहुतेक सगळ्या सयाजीराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८७५ ते १९३९ मध्ये, दरबारच्या खर्चाने उभ्या राहिल्या.

हा शब्द मला इतका का लागतो तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. बांधकामाच्या धंद्यात आहे, त्यातलं कळतं त्याला. मी आणि माझे वडील, अण्णा, त्याला शहर दाखवायला निघालो. अण्णांचे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण ते म्हणाले मी येणारच. सूरसागर तलावाच्या पाळीवरून आम्ही न्यायमंदिरासमोर आलो. अण्णांची सगळी नोकरी त्या इमारतीत गेली, नाझर, म्हणजे कोर्टाचे कर्मचारी, म्हणून तिथूनच निवृत्त झाले. २०१८ मध्ये कोर्ट नव्या संकुलात हललं आणि दरवाजे बंद झाले, म्हणून बाहेरच उभे होतो. अण्णा सांगत होते की ही इमारत मुळात भाजी मंडई म्हणून बांधायला घेतली होती, १८९६ मध्ये पुरी झाली, चिमणाबाई महाराणींचं नाव दिलं, पुढे इथे न्यायालय आलं. कुठल्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं ते हाताने दाखवत होते. मावसभावाने कमानींकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काय काम करून गेले इंग्रज! आपल्याकडून हे झालं नसतं."

अण्णा गप्प झाले. वाद मी घातला. तो म्हणाला, लक्ष्मी विलास राजवाड्याचा नकाशा मेजर मँट या इंग्रजाचा, मँट वारल्यावर १८९० मध्ये राजवाडा पुरा केला चिझम या दुसऱ्या इंग्रजाने, कॉलेजचा घुमट चिझमचा, म्युझियममध्येही दोघांचा हात, मग उरलं काय तुमचं? मी म्हणालो, घर कोणाचं ते मिस्त्रीवरून ठरतं का? तो हसला. पुढचा मुद्दा मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला आणि तो त्याला सांगायचा राहूनच गेला, म्हणून तुम्हाला सांगतो. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटचा. तुमच्याकडे कोणी त्याला इंग्रजांचा वाडा म्हणतं का? नाही म्हणत, छत्रपतींचा म्हणतात. मग आमच्याच बाबतीत नकाशा काढणाऱ्याचं नाव पुढे का?

त्या दिवशी अण्णा एवढंच म्हणाले, "चल, लायब्ररीत जाऊ." लहेरीपुरा दरवाजातून मांडवीकडे, त्या गर्दीतून, दर दहा पावलांवर थांबत आम्ही मध्यवर्ती ग्रंथालयात पोचलो. आतल्या पुस्तकांच्या दालनात लोखंडी कपाटांच्या मजल्यांमध्ये जमीन जाड काचेची आहे, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. अण्णा शाळेत असताना खालच्या मजल्यावर उभे राहून वरून चालणाऱ्यांच्या चपलांच्या सावल्या बघायचे. त्यांनी मावसभावाला तिथे उभं केलं आणि आजीची गोष्ट सांगितली. बडोद्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झालं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू झालं, मुलींनासुद्धा. मुलांना शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. आमच्या पणजोबांना मुलगी शिकवायची नव्हती, पण दंड भरायचा नव्हता, म्हणून आजी शाळेत गेली. लग्नानंतर ती याच ग्रंथालयातली पुस्तकं वाचायची, आणायला अण्णांना पाठवायची. १९१० मध्ये महाराजांनी बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून गावोगाव वाचनालयांची साखळी उभी केली, ती शिकलेल्या पोरांच्या हातात पुस्तक पडावं म्हणून.

मावसभावाने वर काचेकडे बघितलं. त्याला आवडलं, ते दिसत होतं. तरी म्हणाला, "म्हणजे हे अमेरिकन माणसाचं."

अण्णांनी विचारलं, "त्याला बोलावलं कोणी?"

त्यावर तो काही बोलला नाही. घरी येऊन पोटभर जेवला आणि आठवड्याने घरच्या ग्रुपवर फोटो टाकले, वर लिहिलं 'ब्रिटिशकालीन बडोदा'. अण्णांनी ते पाहिले. काही बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो ग्रुप उघडला नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि ते फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आले.

आता तुमच्या दिवसाचं. सकाळी कमाटी बागेत जा. बाग १८७९ ची. म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, आई-वडिलांना आवडेल. तिथून आर्ट्स फॅकल्टीचा घुमट बघा, ते जुनं बडोदा कॉलेज, अरविंद घोष तिथे शिकवायचे. मग कीर्तिमंदिर. गायकवाडांच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी भिंतींवर काढलेली चित्रं आहेत. एकच ठिकाण बघायचं ठरवलंत तर मी राजवाड्याच्या आधी कीर्तिमंदिर सांगेन. दुपारनंतर सूरसागर, न्यायमंदिर, मांडवी आणि ग्रंथालय, हा भाग पायीच करा. राजवाडा बघायचा तर त्याला वेगळे दोन-अडीच तास काढा, म्हणजे वरचं काहीतरी गाळावं लागेल. तो बकिंगहॅमच्या चौपट आहे असं तुम्हाला दहा जण सांगतील. आपला वाडा मोजायलाही लंडनची पट्टी कशाला लागते ते मला कळलेलं नाही. दरबार हॉलमधलं मोझेक बघा, पट्टी बाजूला ठेवा.

इंग्रजांचा इथे काहीच हात नव्हता असं मात्र मी म्हणत नाही. १८७५ मध्ये आधीचे महाराज मल्हारराव यांना त्यांनीच गादीवरून उतरवलं आणि म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, बडोद्याच्या गादीवर आला. रेसिडेंटची नजर शेवटपर्यंत होती. न्यायमंदिराचं उद्घाटनही व्हाइसरॉयनेच केलं. आणि दरबारचा पैसा म्हणजे शेवटी शेतकऱ्याने भरलेला सारा, त्यातून राजवाडाही झाला आणि शाळाही झाल्या. मावसभावाने हे मुद्दे काढले असते तर मी ऐकून घेतलं असतं.

राजवाडा सोमवारी बंद असतो आणि आत फोटो काढू देत नाहीत. ग्रंथालयासाठी सुट्टीचा दिवस टाळा, कपाटांच्या दालनात जायला तिथल्या माणसांना नीट विचारा. मांडवीच्या गर्दीत वडीलधाऱ्यांना त्रास होतो, रिक्षा जितकी जवळ जाईल तितकी जाऊ द्या. दुपारी सेवउसळ खा, पण तिखट असते, आईंना आधी विचारा. वेळ उरला तर रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा बघा, तो सयाजीरावांच्याही आधीचा, दिवाणांचा लाकडी वाडा आहे, भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत आणि नकाशा काढणारा कोणी साहेब तिथे नव्हता. ग्रंथालयात आधी खालच्या मजल्यावर जा आणि मान वर करून जरा वेळ उभे राहा, वर नंतर चढा.